पिंजऱ्यातील पोपटाचा आहार

आपल्या लोकांत पोपटाविषयी जितके कौतुक आहे तितके दुसऱ्या पाखराविषयी क्वचितच असेल. अर्थ न समजता धडा घोकणाऱ्या विद्यार्थ्याच्या विद्येस आपण पोपटपंची म्हणतो, गोड बोलणाऱ्या मुलास मिठू म्हणतो, आणि लग्नाच्या रुखवतातही राघू-मैना मांडतो. परंतु ज्याचे नाव आपल्या तोंडी इतके रुळले आहे, त्याच्या वाटीत आपण काय घालतो याचा विचार फारच थोड्या घरी होतो. सकाळी भिजविलेली हरभऱ्याची डाळ, दुपारी पानात उरलेला भात, तिसऱ्या प्रहरी चहात बुडविलेले बिस्कीट, आणि आठवण झाली तर एखादी हिरवी मिरची, असा कित्येक घरचा क्रम असतो. हे सर्व प्रेमाने दिलेले असते यात शंका नाही. पण प्रेमास ज्ञानाची जोड नसेल तर त्यापासून पाखरास अपाय होतो.

रानातील पाखराला आपले अन्न आपण शोधता येते. एका झाडावर जे मिळाले नाही ते त्याला दुसऱ्या झाडावर मिळते. पिंजऱ्यातील पाखराला मात्र ही मोकळीक नाही. जे वाटीत पडेल ते खावे, अथवा उपाशी राहावे, एवढेच त्याच्या हाती उरते. म्हणून ज्याने पिंजऱ्याचे दार लावले, त्याच्यावर त्या जिवाच्या आहाराची सर्व जबाबदारी येते. या विषयाचा थोडा शास्त्रोक्त विचार आमच्या विद्यार्थ्यांनी व त्यांच्या पालकांनी करावा, या हेतूने पुढील पाठ लिहिला आहे.

१. कोणता पोपट पाळावा?

आहाराकडे वळण्यापूर्वी एका गोष्टीचा खुलासा करणे आवश्यक आहे. आपल्या आंब्या-पिंपळाच्या ढोलीत राहणारा, गळ्याभोवती गुलाबी व काळा पट्टा असलेला हिरवा राघू, तसेच आपल्या देशातील इतर जातींचे रानपोपट यांस १९७२ च्या वन्य जीव संरक्षण अधिनियमाने संरक्षण दिलेले आहे. त्यांस पकडणे, विकणे, विकत घेणे व पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे. उन्हाळ्याच्या तोंडाशी बाजारात टोपलीखाली झाकून पिले विकावयास आणतात. ती ढोलीतून ओढून काढलेली असतात, आणि त्यांतील पुष्कळ वाटेतच मरतात. अशा पिलाची दया येऊन ते विकत घेतले तरी त्या पैशाने पुढील ढोली लुटण्यास उत्तेजनच मिळते.

मग घरी पाळावयाचे कोणते? ऑस्ट्रेलियातील बजरीगर व कॉकाटील, आणि आफ्रिकेतील लव्हबर्ड हे पक्षी अनेक पिढ्यांपासून माणसाच्या घरीच पैदा होत आले आहेत. आपल्याकडे बाजारात ज्यास लव्हबर्ड म्हणून विकतात तो बहुधा बजरीगरच असतो. पक्षिशास्त्रज्ञ जॉन गूल्ड याने हा पक्षी १८४० साली जिवंत स्थितीत इंग्लंडात नेला, व तेथून तो जगभर पसरला. मोठ्या विदेशी पोपटांपैकी बहुतेक जातींची नोंद १९७२ च्या कायद्यास २०२२ साली झालेल्या दुरुस्तीप्रमाणे सरकारदप्तरी करावी लागते. म्हणून घेण्यापूर्वी नीट चौकशी करावी.

एखाद्या घरी देशी राघू पूर्वीपासून असेल, अथवा पंख मोडलेला दारी येऊन पडला असेल, तर वनखात्यास कळवावे. घाईने त्याला आकाशात सोडून देणे हीही दया नव्हे. कारण ज्याला अन्न शोधण्याची व शत्रू ओळखण्याची सवय नाही ते पाखरू बाहेर फार काळ टिकत नाही. वनखात्याची माणसे येईपर्यंत त्याला काय खावयास द्यावे, हे मात्र आपणांस ठाऊक असले पाहिजे. पुढील नियम त्याच्याही उपयोगी पडतील.

२. पोपटाच्या शरीराची रचना

कोणत्याही प्राण्याचा आहार त्याच्या अवयवांवरून ओळखता येतो. पोपटाची वरची चोच वाकडी, तीक्ष्ण व कवटीशी बिजागरीप्रमाणे सांधलेली असल्यामुळे ती हलू शकते. तिच्या आतील बाजूस कानशीसारख्या बारीक रेघा असतात. जीभ जाड व स्नायुमय असते. पायास चार बोटे असून त्यांतील दोन पुढे व दोन मागे असतात. त्यामुळे पोपट एका पायावर उभा राहून दुसऱ्याने फळ हातात धरल्याप्रमाणे धरतो. चोच, जीभ व पाय यांच्या साह्याने तो दाणा फिरवून त्याचे टरफल अलगद सोलतो व आतील गरच तेवढा खातो.

गिळलेले अन्न प्रथम गळ्याखालील अन्नपुटात साठते, तेथून ते जठरात जाते, आणि मग पेषणी नावाच्या जाड स्नायूंच्या पिशवीत दळले जाते. कबुतर व कोंबडी दाणे सालासकट गिळतात, म्हणून दळण्यासाठी त्यांना बारीक खडे गिळावे लागतात. पोपट दाणा सोलूनच खातो. त्याला खड्यांची गरज नाही. कित्येक लोक कोंबडीप्रमाणेच पोपटालाही वाळू-खडे चारतात. ते निरर्थक तर आहेच, पण फार खडे साचल्यास पेषणी कोंडून पाखरू मरण्याचाही संभव असतो.

या रचनेवरून दुसरीही एक गोष्ट निघते, ती विद्यार्थ्यांनी नीट ध्यानात ठेवावी. बुलबुलासारखे फळे खाणारे पक्षी लहान बिया गिळतात व त्या तशाच बाहेर टाकतात. पोपट मात्र बी फोडतो. म्हणून एखाद्या बीच्या पोटात विष असेल तर ते दुसऱ्या पाखरास कदाचित बाधणार नाही, पण पोपटास बाधेल.

३. नुसत्या धान्यात काय उणे आहे?

पोपट धान्य खातो हे आपण पाहतो, म्हणून त्याला धान्यच पुरे असे आपणांस वाटते. शेतकऱ्यास तर ज्वारीच्या कणसावर व सूर्यफुलाच्या तबकावर बसलेला थवा नित्य दिसतो. परंतु तोच थवा त्याच दिवशी पेरूच्या बागेत जातो, शेवरीच्या फुलांतील मध चाखतो, कोवळे कोंब व कळ्या खुडतो, आणि या सर्वांसाठी कोसच्या कोस उडतो. पिंजऱ्यातील पाखराच्या वाट्यास या यादीतील एकच जिन्नस येतो, आणि उडणे तर मुळीच येत नाही.

एकाच अन्नाने पोट भरूनही शरीर कसे खंगते, हे जगाला एका पाखरामुळेच कळले. ही हकीकत मनोरंजक आहे. क्रिस्तियान आइकमान नावाचा डच वैद्य जावा बेटातील बटाव्हिया येथे बेरीबेरी रोगाचा शोध करीत होता. १८८९ च्या सुमारास त्याच्या प्रयोगशाळेतील कोंबड्यांच्या पायांतील शक्ती गेली, आणि त्या बेरीबेरीच्या रोग्यांप्रमाणे लुळ्या पडल्या. काही महिन्यांनी त्या आपोआप बऱ्या झाल्या. चौकशी केली तेव्हा असे कळले की, मध्यंतरी त्यांना लष्करी इस्पितळाच्या मुदपाकखान्यातील सडलेल्या पांढऱ्या तांदळाचा भात घालीत असत. पुढे नवा आचारी आला. लष्करचा भात कोंबड्यांना देण्याचे त्याने नाकारले. त्यामुळे त्यांना पुन्हा असडी तांदूळ मिळू लागला, आणि त्या चालू लागल्या. तांदूळ सडताना जो कोंडा आपण टाकून देतो, त्यात जीव जगविणारे काहीतरी आहे, असे या गोष्टीवरून पुढे सिद्ध झाले. अशा द्रव्यांस १९१२ साली काझिमिर फुंक याने व्हिटॅमिन हे नाव सुचविले. त्यासच आपण जीवनसत्त्व म्हणतो. आइकमान यास १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पानात उरलेला पांढरा भात रोज पोपटाच्या वाटीत टाकणाऱ्या घरांनी ही गोष्ट अवश्य आठवावी.

पोपटाच्या खाद्यातील मुख्य उणिवा चार आहेत.

पहिली उणीव अ जीवनसत्त्वाची. बाजरी, राळे, सूर्यफूल, भुईमूग यांत ते जवळजवळ नसते. तोंड, नाक, श्वासनलिका व मूत्रपिंड यांच्या आतील नाजूक अस्तर याच सत्त्वावर निरोगी राहते. ते न मिळाल्यास अस्तर सुकून जाड होते, तोंडात पांढरे चट्टे पडतात, नाक वाहते, डोळ्यांभोवती सूज येते, आणि अशा दुबळ्या जागी जंतूंचा शिरकाव होतो. घरची माणसे म्हणतात की पाखरास सर्दी झाली. सर्दीचे मूळ पुष्कळदा वाटीत असते.

दुसरी उणीव चुन्याची, म्हणजे कॅल्शियमची. धान्यात फॉस्फरस पुष्कळ व कॅल्शियम अल्प असते. हाडे व अंड्याचे कवच ही कॅल्शियमचीच बनतात. मादी एकटी असली तरी कोंबडीप्रमाणे अंडी घालू शकते. अशा वेळी चुना कमी पडला तर अंडे आत अडकते, आणि एका दिवसात मादी दगावू शकते. शिवाय अन्नातील कॅल्शियम अंगी लागण्यास ड जीवनसत्त्व हवे, आणि ते सूर्यप्रकाशाने तयार होते. खिडकीच्या काचेतून येणारे ऊन त्या कामी निरुपयोगी आहे, कारण आवश्यक ते किरण काच अडविते. म्हणून सकाळच्या कोवळ्या उन्हात पिंजरा काही वेळ ठेवावा. मात्र त्याच्या एका बाजूस सावली असावी आणि मांजर-कावळ्यापासून राखण असावी.

तिसरी उणीव आयोडीनची. केवळ बारीक धान्यावर वाढलेल्या बजरीगरास गलगंड होतो. वाढलेली गाठ श्वासनलिकेवर व अन्नपुटावर दाब देते, आणि पाखरू श्वास घेताना चूं चूं असा आवाज करते.

चौथी गोष्ट उणीव नसून आधिक्य आहे. सोललेल्या सूर्यफुलाच्या दाण्यात सुमारे निम्मे तेल असते. भुईमुगातही जवळजवळ तितकेच. बाजरी-राळ्यात ते शेकडा चार-पाचच असते. पोपटास तेलकट दाणे फार आवडतात, आणि मिश्र धान्य दिल्यास तो तेवढेच वेचून खातो. रानात उडून ही चरबी जळते. पिंजऱ्यात ती यकृतात साचते. गुटगुटीत दिसणारा पोपट एके दिवशी अकस्मात मरून पडतो, त्याचे हे एक सामान्य कारण आहे.

४. काय द्यावे?

धान्य: बजरीगरासारख्या लहान पक्ष्यांस राळे, वरी, बाजरी, नाचणी असे बारीक धान्य द्यावे, परंतु एकूण आहारात त्याचे प्रमाण निम्म्याहून अधिक नसावे. सूर्यफुलाचे दाणे खाऊ म्हणून हातातून दोन-चार द्यावेत. पक्ष्यांच्या खाद्याच्या तयार गोळ्या हल्ली मिळतात. त्यांत सर्व सत्त्वे मोजून घातलेली असल्याने पक्ष्यांचे डॉक्टर त्यांची शिफारस करतात. त्या परवडत असतील तर उत्तमच. न परवडल्यास पुढील जिनसांकडे अधिक लक्ष द्यावे.

मोड आलेली कडधान्ये: मूग, मटकी व हरभरा यांस मोड आणून द्यावेत. मोड येताना दाण्यातील सत्त्वे वाढतात व तो पचावयास हलका होतो. मोड स्वच्छ पाण्याने दोन-तीन वेळा धुवावेत. आंबूस वास येणारे मोड फेकून द्यावेत. राजमा मात्र कच्चा किंवा मोड आणून केव्हाही देऊ नये. त्यातील विषारी द्रव्य चांगले उकळल्याशिवाय नाहीसे होत नाही.

भाजीपाला: हा आहाराचा सर्वांत महत्त्वाचा व सर्वांत दुर्लक्षित भाग होय. गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा पाला, कोथिंबीर, मेथी, माठ यांत जो पिवळा-केशरी रंग असतो, अथवा हिरव्या रंगाखाली झाकलेला असतो, त्यास कॅरोटीन म्हणतात. शरीर त्यापासून लागेल तेवढेच अ जीवनसत्त्व बनविते. म्हणून बाटलीतील सत्त्वाचे थेंब वाटेल तसे घालण्यापेक्षा गाजराचा तुकडा अधिक सुरक्षित. बाटलीतील सत्त्व प्रमाणाबाहेर गेल्यास तेही विषासारखे बाधते. पालकात ऑक्झॅलिक आम्ल असून ते कॅल्शियमला अडवून धरते. म्हणून पालक क्वचितच द्यावा. शेतात औषध फवारलेले असते, यास्तव प्रत्येक भाजी भरपूर पाण्याने धुऊन घ्यावी.

फळे: पेरू, पपई, आंबा, डाळिंब, केळे ही फळे थोडथोडी द्यावीत. बागाइती फळांत रानफळांपेक्षा साखर अधिक असते. म्हणून फळ भाजीपेक्षा कमी असावे.

मिरची: पोपट मिरची खातो व त्यास तिखट लागत नाही, याचे लहान मुलांस मोठे नवल वाटते. मिरचीतील कॅप्सेसिन नावाचे द्रव्य आपल्या ज्ञानतंतूंतील ज्या ग्राहकावर बसते, त्या ग्राहकाची घडण पक्ष्यांत निराळी असल्यामुळे त्यांस आग होत नाही. या ग्राहकाचा शोध लावणाऱ्यांतील डेव्हिड ज्युलियस यांस २०२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मिरची मूळची अमेरिकेची असून पोर्तुगीज लोकांनी ती सोळाव्या शतकात आपल्या किनाऱ्यावर आणली. तेव्हा राघूला मिरची देण्याची आपली चाल वाटते तितकी पुरातन नाही. मिरचीत कॅरोटीन व क जीवनसत्त्व दोन्ही असल्यामुळे ती चाल चांगलीच आहे. परंतु मिरची हे पोपटाचे अन्न आहे अशी समजूत करून घेऊ नये.

चुना: कोकणच्या किनाऱ्यावर लाटांबरोबर पांढरे, हलके, होडीच्या आकाराचे तुकडे वाहून येतात. त्यास समुद्रफेण म्हणतात. तो फेस नसून माकळीच्या जातीच्या एका समुद्रप्राण्याच्या पाठीतील कवच होय. तो शुद्ध कॅल्शियमचा साठा आहे. एक तुकडा स्वच्छ धुऊन, उकळून, वाळवून पिंजऱ्यास अडकवावा. पाखरू गरजेप्रमाणे तो कुरतडते व त्याची चोचही झिजते. गावी समुद्रफेण न मिळाल्यास अंड्याचे कवच दहा मिनिटे उकळून, वाळवून, त्याची पूड भाजीवर भुरभुरावी. कोंबडीच्या अंड्याचा चांगला उकडलेला बलक-पांढरा आठवड्यातून एक-दोन वेळा चिमूटभर दिला तरी चालतो. पिसे झडण्याच्या दिवसांत तो विशेष उपयोगी आहे.

५. काय देऊ नये?

येथे आम्ही नुसती मनाई न सांगता प्रत्येकाचे कारणही सांगतो. कारण कळलेला नियम विसरला जात नाही.

दूध व दूध-पोळी: कोणत्याही पक्ष्याची आई पिलास सस्तन प्राण्यांप्रमाणे दूध पाजीत नाही. दुधातील साखर पचविणारा रस पक्ष्यांच्या आतड्यात नसतो. म्हणून दुधाने त्यांस हगवण लागते. शिवाय उन्हाळ्यात दूध-पोळी तासाभरात आंबते.

चहा, कॉफी, कोको, चॉकलेट: यांतील उत्तेजक द्रव्यांनी हृदयाचे ठोके बेताल होतात. माणसाच्या कपातील एक घोट आपणांस थोडा वाटतो. परंतु बजरीगराचे सर्व वजन तीस-चाळीस ग्रॅम असते, हे विसरू नये. मद्याविषयी सांगावयासच नको. पाखराला थेंबभर दारू पाजून त्याची गंमत पाहणाऱ्या माणसास सभ्य कोण म्हणेल?

चिवडा, पापड, वेफर व लोणचे: यांतील मीठ लहान मूत्रपिंडास झेपत नाही. पाखरू तहानेने व्याकूळ होते, आणि पुढे झटके येऊन मरते.

कांदा व लसूण: यांनी रक्तातील तांबड्या पेशींचा नाश होतो.

ॲव्होकॅडो: हे विदेशी फळ हल्ली मोठ्या शहरांतून मिळू लागले आहे. त्यातील पर्सिन नावाचे द्रव्य पक्ष्यांच्या हृदयास घातक आहे. थोड्याशा गराने बजरीगर एक-दोन दिवसांत मेल्याची उदाहरणे नमूद आहेत.

फळांच्या बिया: सफरचंदाच्या बिया आणि जर्दाळू-पीच यांच्या आठळ्यांतील गर चावला असता त्यांतून सायनाइड हे विष निघते. सीताफळाच्या बियांची पूड आपल्याकडे उवा मारण्यास वापरतात, यावरूनच तिचा गुण ओळखावा. पोपट बी फोडतो हे वर सांगितलेच आहे. म्हणून ही फळे बिया पूर्णपणे काढूनच द्यावीत. पेरू, मिरची व डाळिंब यांच्या बियांस हरकत नाही.

बुरसटलेले दाणे: १९६० साली इंग्लंडात एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अज्ञात रोगाने मेले. शोधाअंती असे कळले की, त्यांच्या खाद्यातील भुईमुगाच्या पेंडीस बुरशी लागली होती, व त्या बुरशीचे विष यकृताचा नाश करीत होते. या विषास अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. आपल्याकडील पावसाळ्यात भुईमूग व मका यांस हीच बुरशी सहज लागते. कुबट वासाचे, काळपट किंवा सुरकुतलेले शेंगदाणे माणसासही वर्ज्य आहेत. ते पाखरापुढे टाकण्याची काटकसर करू नये. धान्य घट्ट झाकणाच्या डब्यात, थोडेच आणून ठेवावे.

६. पाणी व भांडी

पाणी हेच पोपटाचे एकमेव पेय होय. साखरेचे पाणी, सरबत व बाटलीतील फसफसणारी पेये त्यास नकोत. जे पाणी घरची माणसे पितात, तेच उकळून निवविलेले अथवा गाळलेले पाणी पाखरास द्यावे. बजरीगर दिवसभरात एका लहान चमच्याहूनही कमी पाणी पितो. तरी पाणी दोन वेळा बदलावे, कारण प्रश्न परिमाणाचा नसून स्वच्छतेचा आहे. पाण्यात विष्ठा किंवा फळाचा तुकडा पडला की उन्हाळ्यात काही तासांतच जंतू वाढतात. म्हणून पाण्याचे भांडे बसण्याच्या दांडीखाली कधीही ठेवू नये. औषध किंवा सत्त्व पाण्यात मिसळल्यास चव बदलून पाखरू पाणी पिणेच सोडते, आणि किती औषध पोटात गेले तेही कळत नाही.

भांडी काचेची, चिनी मातीची अथवा स्टेनलेस स्टीलची असावीत. पितळेच्या वाटीत आंबट फळ कळकते, हे प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. जस्ताचा मुलामा दिलेल्या नव्या तारेचा पिंजराही धोक्याचा असतो. कारण पोपट तार चावतो व जस्त पोटात जाते. ओल्या अन्नाची वाटी दोन तासांनी काढून घ्यावी, व सर्व भांडी रोज साबणाने धुऊन वाळवावीत. पिंजरा स्वयंपाकघरात टांगू नये. न चिकटणाऱ्या मुलाम्याचा तवा फार तापला असता त्यातून निघणारी वाफ आपणांस जाणवतही नाही, परंतु पाखरू काही मिनिटांत मरते.

७. आहार कसा बदलावा?

हा पाठ वाचून कोणी उद्याच धान्याची वाटी काढून गाजर ठेवील, तर ते पाखराच्या जिवावर बेतेल. पोपट नवख्या पदार्थास भितो; ओळखीचे अन्न दिसेनासे झाले तर पुढ्यात भाजी असूनही तो उपाशी राहतो, आणि लहान पाखरास एक-दोन दिवसांचा उपासही प्राणघातक होतो. म्हणून बदल काही आठवडे सावकाश करावा. सकाळी भूक तीव्र असते, तेव्हा प्रथम बारीक चिरलेली भाजी ठेवावी व तासाभराने नेहमीचे धान्य द्यावे. ओल्या पाल्यावर थोडे राळे चिकटवावेत. कोथिंबिरीची जुडी पिंजऱ्यास उलटी बांधावी, म्हणजे खेळता खेळता तो ती कुरतडू लागतो. घरातील मनुष्याने त्याच्या देखत तोच गाजराचा तुकडा खाल्ला, तर त्याची भीती लवकर मोडते.

वाटी भरलेली दिसते म्हणून अन्न आहे असे समजू नये. सोललेली टरफले वाटीवर तशीच साचतात, व खाली एकही दाणा नसतो. भरल्या वाटीपुढे पाखरे उपाशी मेलेली आहेत. रोज सकाळी टरफले हलक्याने फुंकून पाहावे.

आठवड्यातून एकदा पाखराचे वजन लहान काट्यावर करून वहीत टिपावे. हे काम विद्यार्थ्यांनी अवश्य करावे. निरीक्षणाचा व टिपणाचा याहून चांगला धडा नाही. विष्ठेकडेही रोज लक्ष द्यावे. तिच्यात हिरवट भाग, पांढरा भाग व पाणी असे तीन भाग स्पष्ट दिसले पाहिजेत. पोपट आपला आजार शक्य तोवर लपवितो, कारण रानात दुबळ्या पाखरावर शिकारी पक्ष्याची नजर प्रथम जाते. पिसे फुगवून, डोळे अर्धवट मिटून पिंजऱ्याच्या तळाशी बसलेले पाखरू केवळ झोपाळू नसून अत्यवस्थ असते. अशा वेळी घरगुती उपायांत दिवस न दवडता पशुवैद्याकडे जावे.

उपसंहार

नीतिसूत्रांत नीतिमान मनुष्याची एक खूण म्हणून आपल्या जनावराच्या जिवाविषयीची कळकळ सांगितली आहे. प्रभु येशूनेही शिष्यांस ईश्वरी काळजीचा धडा शिकविताना आकाशातील पाखरांकडेच बोट दाखविले. ती पाखरे मोकळी आहेत. ज्याला आपण मोकळ्या आकाशातून काढून घरात ठेवले, त्याच्या अन्नपाण्याचा भार आपण स्वतः उचलला आहे, आणि तो रोज सकाळी उचलला पाहिजे. परीक्षेच्या दिवसांतही, आणि सुटीत गावी जावयाचे असेल तेव्हाही. एवढी तयारी नसेल त्याने पाखरू आणू नये, आणि खिडकीबाहेरील पिंपळावर येणारा थवा पाहून आनंद मानावा. त्यास वाटी लागत नाही की पिंजरा लागत नाही.

अभ्यासासाठी प्रश्न

१. कोंबडीस खडे लागतात व पोपटास लागत नाहीत. याचे कारण दोघांच्या खाण्याच्या रीतीवरून सांगा.
२. आइकमानच्या कोंबड्या आजारी का पडल्या व बऱ्या कशा झाल्या?
३. सीताफळाचे बी पोपटास विशेष अपायकारक का?
४. खिडकीच्या काचेआड ठेवलेल्या पाखरास उन्हाचा पूर्ण लाभ का मिळत नाही?
५. आपल्या घरी अथवा शेजारी पाळलेल्या पाखरास एका आठवड्यात काय काय खावयास मिळते ते टिपून काढा. त्यात कोणते सत्त्व उणे आहे ते ओळखा, आणि ते गावात मिळणाऱ्या कोणत्या भाजीने भरून निघेल ते लिहा.